मानेच्या सोनोग्राफीत ‘एआय’ने आखलेली रेषा : रिपोर्टमधल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा?

गेल्या पावसाळ्यात त्रेपन्न वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसोबत दवाखान्यात आले. हातात शहरातल्या तपासणी केंद्राचा चकचकीत रंगीत रिपोर्ट होता. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, “डॉक्टर, माझ्या नसेचं वय सदुसष्ट आलंय. म्हणजे माझ्याकडे किती वर्षं राहिली?” त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “चार रात्री झोपले नाहीत हे. तुम्हीच काय ते सांगा.”

रिपोर्टवर मानेतल्या रक्तवाहिनीचं करडं चित्र होतं. त्यावर दोन बारीक रंगीत रेषा होत्या आणि खाली लाल चौकटीत लिहिलं होतं : जाडी ०.९२ मिलिमीटर, वाहिनीचं वय ६७ वर्षं, विश्लेषण एआयद्वारे.

मी जनरल प्रॅक्टिस करणारा एमबीबीएस डॉक्टर आहे. सोनोग्राफी मी करत नाही, ते काम रेडिओलॉजिस्टचं. पण तो रिपोर्ट घेऊन तुम्ही आधी माझ्यासारख्याकडेच येता. वर्ष-दोन वर्षांत असे रिपोर्ट वाढले आहेत. कुणी घाबरून येतं. कुणी हिरवा रंग बघून बीपीच्या गोळ्या बंद करूनच येतं. म्हणून ही रेषा कोण आखतं, ती कुठे चुकते आणि त्या आकड्याचा तुमच्या आयुष्याशी किती संबंध आहे, हे एकदा नीट समजून घेऊ.

थोडक्यात

- सोनोग्राफीच्या चित्रात रक्तवाहिनीची भिंत कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे संगणकाने आपोआप ठरवणं म्हणजे ‘सेगमेंटेशन’.
- हे काम संगणक आता बऱ्यापैकी चांगलं करतो. पण चित्र खराब असेल किंवा चुकीच्या जागेचं असेल, तर रेषाही चुकते.
- रेषा अचूक असली तरी केवळ भिंतीच्या जाडीवरून हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा धोका ठरत नाही.
- ‘हिरवा’ रिपोर्ट म्हणजे गोळ्या बंद करण्याची परवानगी नव्हे. लक्षणं दिसली तर रिपोर्ट बघत बसू नका, रुग्णालयात जा.

मानेचीच रक्तवाहिनी का तपासतात?

मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्या मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. त्यांना कॅरॉटिड धमन्या म्हणतात. जबड्याखाली बोट ठेवलं की ठोका लागतो, त्या याच. हृदयाच्या धमन्या बरगड्यांमागे आणि सतत हलणाऱ्या हृदयावर असतात. मानेची धमनी मात्र कातडीखाली अगदी जवळ असते. सुई नाही, रेडिएशन नाही. जेल लावून प्रोब फिरवला की पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतले दोन थर मिळून जी जाडी भरते, तिला इन्टिमा-मीडिया थिकनेस, थोडक्यात आयएमटी म्हणतात. इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की सोनोग्राफीत धमनीच्या मागच्या भिंतीवर दोन समांतर उजळ रेषा दिसतात आणि त्यांच्यातलं अंतर मोजलं की ही जाडी कळते. वय, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि कोलेस्टेरॉलमुळे ही जाडी वाढते. म्हणून जगभरच्या संशोधकांनी हा आकडा उचलून धरला.

प्लाक ही वेगळी गोष्ट आहे. भिंतीवर एकाच जागी चरबी, चुना आणि इतर घटकांचा थर साचून आत उंचवटा तयार होतो, त्याला प्लाक म्हणतात. डॉक्टरांमध्ये मान्य असलेली व्याख्या अशी : उंचवटा आतल्या पोकळीत किमान अर्धा मिलिमीटर शिरला असेल, किंवा आजूबाजूच्या जाडीपेक्षा निम्म्याने जास्त असेल, किंवा तिथली जाडी दीड मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर तो प्लाक. जाडी आणि प्लाक यांतला हा फरक लक्षात ठेवा. पुढे एका रुग्णाच्या बाबतीत सगळं याच फरकावर येऊन थांबलं.

सेगमेंटेशन म्हणजे जमिनीची मोजणीच

शेताची मोजणी कशी होते ते तुम्ही पाहिलं असेल. भूमापक येतो, खुणा शोधतो, हद्द कायम करतो आणि मग क्षेत्र निघतं. हद्द एका बाजूला सरकली की क्षेत्र बदलतं आणि भांडण सुरू होतं.

सोनोग्राफीचं चित्र म्हणजे धुक्यातलं शेत. ध्वनिलहरी आत जातात, आदळून परत येतात आणि त्यांच्या तीव्रतेप्रमाणे पडद्यावर काळे-पांढरे ठिपके उमटतात. भिंतीची कड फोटोसारखी स्वच्छ नसते. ती दाणेदार आणि मध्ये मध्ये तुटलेली दिसते. पूर्वी डॉक्टर पडद्यावर कर्सर ठेवून ‘इथून इथपर्यंत’ असं हाताने मोजत. अजूनही बऱ्याच ठिकाणी तसंच मोजतात. दोन डॉक्टरांनी मोजलं तर दोन आकडे येत. एकाच डॉक्टरने सकाळी आणि संध्याकाळी मोजलं तरी थोडा फरक पडे.

हे काम संगणकाकडे देण्याचे प्रयत्न जुने आहेत. सुरुवातीचे प्रोग्रॅम ‘काळ्यातून पांढरं जिथे सुरू होतं तिथे कड’ अशा ठरवून दिलेल्या नियमांवर चालत. चित्र स्वच्छ असलं की जमे, धूसर असलं की गडबड होई. २०१५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘यू-नेट’ नावाची रचना मांडली आणि चित्र पालटलं. यात नियम सांगत नाहीत, उदाहरणं दाखवतात. तज्ज्ञांनी हाताने रेषा आखलेली चित्रं संगणकाला देतात. संगणक स्वतः रेषा आखतो, तज्ज्ञाच्या रेषेशी ताडून बघतो आणि चूक कमी करत जातो. ही पद्धत तुलनेने थोड्या चित्रांवरही शिकू शकली. त्यामुळे वैद्यकीय चित्रांच्या क्षेत्रात ती झपाट्याने पसरली. आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ती किंवा तिचीच भावंडं असतात.

यातून एक गोष्ट निघते. संगणकाला खरी भिंत कधीच दिसलेली नसते. त्याला दिसते ती तज्ज्ञाने आखलेली रेषा. तो तज्ज्ञाची नक्कल शिकतो, आणि तज्ज्ञाच्या चुकाही त्याच्याबरोबर शिकतो.

दोन ठिपक्यांची किंमत

थोडं गणित करू, म्हणजे ०.९२ या आकड्याचं वजन कळेल.

मानेच्या सोनोग्राफीसाठी साधारण १० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरतात. शरीरात अशा एका लहरीची लांबी सुमारे ०.१५ मिलिमीटर असते. पडद्यावर चार सेंटिमीटर खोलीचं चित्र सहाशे ठिपक्यांत मांडलं, तर एक ठिपका साधारण ०.०६ ते ०.०७ मिलिमीटरचा होतो. म्हणजे मध्यमवयीन माणसाची ०.७ मिलिमीटरची भिंत पडद्यावर जेमतेम दहा-अकरा ठिपक्यांची असते. रेषा दोन ठिपके सरकली की आकडा सुमारे ०.१३ मिलिमीटरने बदलतो. ०.७८ चा ०.९१ होतो. बऱ्याच रिपोर्टमध्ये ०.९ च्या पुढे रंग बदलतो. म्हणजे दोन ठिपक्यांत तुम्ही ‘हिरव्या’तून ‘लाल’मध्ये जाता.

चांगलं सॉफ्टवेअर हे जाणून असतं. ते एकाच जागी मोजत नाही. साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात शेकडो ठिकाणी मोजून सरासरी काढतं, त्यामुळे लहान चुका एकमेकींना खोडून काढतात. इथे संगणक हाताच्या मोजणीपेक्षा सरस ठरतो. तो दमत नाही, घाईत नसतो, आणि तेच चित्र पुन्हा दिलं तर तोच आकडा देतो. युरोपातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये १,०८८ लोकांच्या २,१७६ चित्रांवर वेगवेगळ्या संगणकीय पद्धती ताडून पाहिल्या आणि ती चित्रं इतरांना अभ्यासासाठी खुली केली. अशा उघड परीक्षेमुळे हे क्षेत्र सुधारतं.

पण जाहिरातीत ‘९५ टक्के अचूक’ असं वाचलं तर विचारा : कशात अचूक? धमनीची पोकळी सहा-सात मिलिमीटर रुंद असते. तिथे एक-दोन ठिपके चुकले तरी टक्केवारीत फारसा फरक पडत नाही. भिंत दहा ठिपक्यांची असते, तिथे तीच चूक मोठी ठरते. पोकळीतली अचूकता भिंतीच्या नावावर खपवता येत नाही.

रेषा चुकते ती कुठे?

माझ्या त्या रुग्णाचं चित्र मी ओळखीच्या रेडिओलॉजिस्ट बाईंना दाखवलं. त्यांनी मिनिटभर बघितलं आणि म्हणाल्या, “डाव्या टोकाला बघ. इथे कड दिसतच नाहीये, रेषा खाली घसरली आहे.” त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली, स्वच्छ भाग निवडला आणि मोजलं. आकडा आला ०.७८.

अशा चुकांची नेहमीची कारणं :

- प्रोब तिरका धरला जाणं. धमनी मधोमध न कापता कडेने कापली गेली की भिंत जाड दिसते. काकडीचा तिरका काप मोठा दिसतो, तसंच. चित्रच तिरकं असेल तर संगणकाची रेषा कितीही सुबक असली तरी आकडा चुकीचाच.
- चुन्याची सावली. कडक झालेला प्लाक ध्वनिलहरी अडवतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. तिथे काही दिसतच नाही. माणूस म्हणतो, “इथलं सांगता येत नाही.” सॉफ्टवेअर मात्र अंदाजाने रेषा पुढे ओढू शकतं, आणि छापील रिपोर्टमध्ये ती रेषा बाकीच्या रेषेइतकीच ठाम दिसते.
- जाड मान, खोल धमनी, रुग्णाचं गिळणं किंवा हलणं. यामुळे चित्र धूसर येतं.
- वेगळं मशीन. एका कंपनीच्या मशीनवरच्या चित्रांवर शिकलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर, किंवा खिशात मावणाऱ्या छोट्या मशीनवर, अडखळू शकतं. शिकवताना वापरलेले रुग्ण परदेशातले असतील तर आपल्याकडच्या रुग्णांवर ते वेगळं तपासून घ्यायला हवं.

यावर उपाय साधा आहे. सॉफ्टवेअरने आखलेली रेषा डॉक्टरने डोळ्यांनी बघायची, चुकली असेल तर दुरुस्त करायची आणि मगच सही करायची. चांगल्या केंद्रात हेच होतं. रिपोर्ट घाईत थेट छापून दिला जातो तिथे हीच पायरी गळते.

रेषा बरोबर असली, तरी पुढे काय?

आकडा ०.७८ आल्यावर ते गृहस्थ हसले. “म्हणजे मी ठणठणीत!” उठायलाच लागले. मी म्हटलं, “बसा. बीपी बघू.” ते १५८/९६ निघालं. दुसऱ्या हाताला मोजलं, दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेवढंच. खिशात तंबाखूची पुडी होती. वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेले.

संगणकाने त्यांची भिंत जाड सांगितली, ती चूक होती. पण त्यांना धोका नव्हता, असं मुळीच नव्हतं. तो बीपीच्या पट्ट्यात आणि तंबाखूच्या पुडीत होता, आणि ते कळायला सोनोग्राफीची गरज नव्हती.

मोठे अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. २०१२ मध्ये १४ अभ्यासगटांतल्या ४५,८२८ लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. वय, बीपी, कोलेस्टेरॉल, मधुमेह, धूम्रपान यांवरून धोका काढल्यावर त्यात आयएमटीची भर घातली तर अंदाज किती सुधारतो, हा प्रश्न होता. उत्तर आलं : अगदी किंचित, रोजच्या उपचारात महत्त्वाचं ठरेल इतकं नाही. त्याच वर्षी आणखी एका मोठ्या विश्लेषणात ३६,९८४ लोकांमध्ये जाडी वर्षागणिक किती वाढते आणि पुढे हार्ट अटॅक किंवा पक्षाघात किती होतो, हे ताडून पाहिलं. दोन्हींचा ठोस संबंध दिसला नाही. कारण ओळखीचंच आहे : वर्षाला होणारी वाढ साधारण ०.०१ मिलिमीटरच्या घरातली, म्हणजे एका ठिपक्याहून बरीच कमी. ती मोजण्याच्या चुकीतच हरवून जाते.

म्हणून मार्गदर्शक सूचना बदलल्या. अमेरिकेतल्या हृदयरोग संस्थांनी २०१० मध्ये मध्यम धोक्याच्या लोकांत आयएमटी मोजणं योग्य मानलं होतं. २०१३ मध्ये त्यांनीच सांगितलं की रोजच्या वापरात ती नको. युरोपीय हृदयरोग संस्थेनेही २०१६ मध्ये धोका ठरवण्यासाठी आयएमटी मोजू नये असं म्हटलं. २०२१ मध्ये मात्र त्यांनी प्लाक बघण्याला जागा ठेवली : हृदयाच्या धमन्यांतला चुना मोजणारा सीटी स्कॅन शक्य नसेल, तर काही लोकांत मानेतला प्लाक बघता येईल. आणि कोणतंही लक्षण नसलेल्या सर्वसामान्य माणसांत मानेची धमनी अरुंद आहे का, हे सरसकट शोधू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये पुन्हा एकदा बजावलं.

इथे मला गंमत वाटते आणि काळजीही. ज्या काळात डॉक्टर या आकड्यापासून दूर जाऊ लागले, त्याच काळात संगणक तो अधिक चांगला मोजू लागला. मोजणं सोपं आणि स्वस्त झालं की पॅकेजमध्ये घालायचा मोह होतो. पण सोपं झालं म्हणून ते उपयोगाचं ठरत नाही.

मग ‘नसेचं वय’ निव्वळ धंदा आहे का?

नाही, असं सरसकट म्हणणंही चूक होईल. स्वीडनच्या उत्तरेकडच्या व्हेस्टरबॉटन भागात एक सुंदर प्रयोग झाला, त्याचे निकाल २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ४०, ५० आणि ६० वर्षं वयाच्या ३,५३२ लोकांच्या मानेची सोनोग्राफी केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटातल्या लोकांना आणि त्यांच्या डॉक्टरांना निकाल चित्राच्या रूपात पाठवला : रंगीत पट्टीवर वाहिनीचं वय आणि प्लाक आहे की नाही ते लाल-हिरव्या खुणेने. काही आठवड्यांनी नर्सने फोन करून समजावून सांगितलं. दुसऱ्या गटाला ते चित्र दिलं नाही. वर्षभराने चित्र बघितलेल्या गटाचा एकूण धोका दुसऱ्या गटापेक्षा कमी होता.

म्हणजे चित्र बघून माणसं हलली. नुसतं ‘कोलेस्टेरॉल वाढलंय’ ऐकून जे होत नाही, ते स्वतःच्या धमनीचं चित्र बघून होतं. पण तिथे काय काय होतं ते बघा. मोजणी काटेकोर होती, चित्र डॉक्टरकडेही गेलं होतं, मागून नर्सचा फोन होता, आणि पुढे उपचार करणारी व्यवस्था होती. आपल्याकडे बऱ्याचदा लाल चौकट व्हॉट्सॲपवर येते आणि पुढे कुणीच नसतं. मग त्यातून माणूस शहाणा होत नाही, नुसता घाबरतो.

हिरव्या रिपोर्टची गोष्ट

आता दुसरा रुग्ण. एकसष्ट वर्षांच्या बाई, बारा वर्षांचा मधुमेह. मुलाने प्रेमाने आईला संपूर्ण तपासणीचं पॅकेज करून दिलं. त्यात मानेची एआय सोनोग्राफी होती. निकाल हिरवा, ०.७४ मिलिमीटर, ‘वयानुसार उत्तम’.

दोन महिन्यांनी एका संध्याकाळी स्वयंपाक करताना त्यांच्या हातातून उलथनं पडलं. उजवा हात उचलेना, बोलणं अडखळलं. पाच-सात मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. घरच्यांनी फाइल काढली. “नस तर चांगली आहे, गॅस झाला असेल, दमल्या असतील.” सकाळी आधी इतर कामं उरकली आणि दुपारी त्यांना माझ्याकडे आणलं.

याला टीआयए म्हणतात : मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि पुन्हा सुरू होतो. लक्षणं गेली म्हणून धोका जात नाही. उलट पुढच्या काही दिवसांतच खरा पक्षाघात होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्यांना तिथूनच जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं. डॉप्लर आणि सीटी अँजिओग्राफी झाली. मेंदूकडे जाणारी डावी धमनी, जिथे मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते त्याच्या अगदी पुढे, प्लाकमुळे सत्तर टक्क्यांहून जास्त अरुंद झाली होती.

मग आधीचा रिपोर्ट खोटा होता का? नाही. सॉफ्टवेअरने मोजली होती ती फाट्याच्या अलीकडची सरळ धमनी. जाडी मोजायची ठरलेली जागा तीच आहे आणि तिथे भिंत चांगलीच होती. प्लाक मात्र बहुतेक वेळा फाट्यापाशी धरतो, कारण तिथे रक्ताचा प्रवाह वळतो आणि घुटमळतो. रेषा अचूक होती, जागा बरोबर होती, आकडाही खरा होता. फक्त घरच्यांना जो प्रश्न पडला होता, त्याचं ते उत्तर नव्हतं.

त्या बाईंवर त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया करून प्लाक काढला. आज त्या चालतात, बोलतात, नातवाला शाळेत सोडतात. पण मधली रात्र त्यांच्या नशिबाने निभावली. असं नशीब प्रत्येकाला मिळत नाही. लक्षणं देणारी आणि इतकी अरुंद झालेली धमनी किती धोकादायक असते, हे १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं होतं : नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत दोन वर्षांत २६ टक्के लोकांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला, शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्के. तेव्हापासून औषधं बरीच सुधारली आहेत, पण घाई करायची ती अशाच वेळी, हा धडा कायम आहे.

हे तंत्र खरोखर कामी येतं ते इथे

मानेची जाडी हा या तंत्राचा एक कोपरा झाला. रक्तवाहिनीची कड आपोआप शोधण्याची गरज इतरत्र जास्त आहे.

- पोटातली महाधमनी फुगणं. इंग्लंडमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी यासाठी सोनोग्राफीला बोलावतात. ३ सेंटिमीटरच्या पुढे लक्ष ठेवतात, ५.५ सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार होतो. इथे रेषा भिंतीच्या आतून आखली की बाहेरून, यावर काही मिलिमीटरचा फरक पडतो. देशोदेशींच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. दर वेळी त्याच नियमाने मोजणारा संगणक इथे उपयोगी आहे.
- पायातल्या शिरेत गुठळी. शीर दाबून ती मिटते का, हे बघतात. मिटली नाही तर गुठळीची शंका. कमी अनुभवी हाताला शीर ओळखून दाखवणारं सॉफ्टवेअर तयार होत आहे.
- डायलिसिसची फिस्टुला, किंवा सापडत नसलेली शीर. वाहिनीची रुंदी आणि खोली लगेच दाखवता आली तर सुईची टोचाटोची कमी होते.

आपल्याकडे नियम काय सांगतात?

अमेरिकेच्या एफडीएने एआय वापरणाऱ्या हजाराहून अधिक वैद्यकीय उपकरणांना परवानगी दिली आहे आणि त्यातली बहुसंख्य रेडिओलॉजीतली आहेत. भारतात २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. एप्रिल २०२० पासून उपचार-निदानासाठी असलेलं सॉफ्टवेअरही त्यांच्या कक्षेत आलं. आयसीएमआरने २०२३ मध्ये आरोग्यसेवेतल्या एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली. सूत्र एकच : शेवटची जबाबदारी माणसाची.

आपल्याकडे आणखी एक कायदा आहे, तो १९९४ चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा. त्यामुळे सोनोग्राफी मशीनची नोंदणी बंधनकारक आहे. उचलून नेता येणारी मशीनसुद्धा नोंदणीकृत जागेतच दाखल रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात वापरता येतात. सोसायटीच्या हॉलमध्ये कुणी बॅगेतून मशीन काढून ‘एआय नस तपासणी’ करून देत असेल, तर ‘नोंदणी कुठली? डॉक्टर कोण?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

रिपोर्ट हातात आला की हे पाच प्रश्न विचारा

१. संगणकाची रेषा कुणा डॉक्टरने डोळ्यांनी तपासली का? रिपोर्टवर सही आणि नोंदणी क्रमांक आहे का?

२. फक्त जाडी मोजली, की धमनीचा फाटा आणि पुढचा भागही बघितला? प्लाक आहे की नाही, हे स्पष्ट लिहिलं आहे का?

३. डॉप्लर केलं का? धमनी किती अरुंद आहे याचा अंदाज मुख्यतः रक्ताच्या वेगावरून करतात. अरुंद जागेत सर्वाधिक वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर सहसा मोठा अडथळा नसतो. २३० च्या पुढे गेला तर सत्तर टक्के किंवा जास्त अडथळ्याची शंका घेतात.

४. चित्र स्वच्छ होतं का? ‘चित्राचा दर्जा मर्यादित’ असं लिहिलं असेल तर आकड्याला तेवढंच महत्त्व द्या.

५. या निकालामुळे माझ्या उपचारात नेमकं काय बदलणार? उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर ती तपासणी दरवर्षी करायची गरज नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझी जाडी ०.९ पेक्षा जास्त आली. ब्लॉकेज आहे का?
जाडी म्हणजे ब्लॉकेज नव्हे. वयानुसार ती वाढतेच. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूचा हिशोब डॉक्टरांसोबत मांडा. उपचार त्यावरून ठरतील.

जाडी नॉर्मल आली. कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू?
नाही. ती गोळी तुमच्या एकूण धोक्यासाठी दिलेली असते, या एका आकड्यासाठी नव्हे. आधी डॉक्टरांशी बोला.

प्लाक आहे असं लिहिलंय. लगेच ऑपरेशन?
बहुतेकांना नाही. प्लाक आहे म्हणजे औषधं, पथ्य आणि तंबाखू सोडणं हे जास्त काटेकोरपणे करायचं. अडथळा मोठा असेल किंवा लक्षणं असतील, तर न्यूरोलॉजिस्ट किंवा व्हॅस्क्युलर सर्जन ठरवतील.

सहा महिन्यांनी पुन्हा जाडी मोजू का?
नको. एवढ्या काळात होणारा खरा बदल मोजण्याच्या चुकीपेक्षा लहान असतो. त्या पैशात घरी चांगलं बीपी मशीन येतं.

थांबू नका

चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एक हात किंवा पाय अचानक लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एका डोळ्यापुढे अचानक अंधार येणं : यातलं काहीही झालं, पाच मिनिटांत बरं झालं तरी, १०८ ला फोन करा किंवा सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्या वेळी जुना रिपोर्ट शोधत बसू नका.

ते त्रेपन्न वर्षांचे गृहस्थ आता दर महिन्याला येतात. बीपी १२८/८० च्या आसपास आहे. तंबाखू दोनदा सोडली, एकदा पुन्हा धरली, आता चार महिने बंद आहे. परवा विचारत होते, “डॉक्टर, नसेचं वय परत काढून बघू का?” मी म्हटलं, “काढू नका. पुडी बंद आहे ना, तेवढं सांभाळा.”

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. औषधं सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.*